बंब, गीझर की हीट पंप? तिरुविसनल्लूरच्या एका घराचा हिशोब

आवाज नीट येतोय ना? ठीक.

गेले काही महिने तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. "हीट पंप वॉटर हीटर घ्यावा का? दुकानदार म्हणतो वीज तिप्पट वाचते. खरं आहे का?" कुणी इंदूरहून विचारतं, कुणी बेळगावहून, कुणी बडोद्याहून. मी आयुष्यभर रेफ्रिजरेशनच्या कामात राहिलो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, दुकानदार खोटं बोलत नाही, पण तो तुमच्या घराबद्दल बोलत नाही. तो यंत्राबद्दल बोलतो. आणि निर्णय घ्यायचा असतो घराचा.

म्हणून आज मी एका घराची गोष्ट सांगणार आहे. हे घर तिरुविसनल्लूरला आहे. तमिळनाडूत, कुंभकोणमपासून आठेक किलोमीटरवर, कावेरीच्या सुपीक पट्ट्यातलं गाव. तिथे मराठी माणूस कसा, असं वाटेल काहींना. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव ४६ विद्वानांना दान दिलं आणि त्याचं नाव पडलं शहाजीराजपुरम्. माझ्या बायकोची मावशी अशाच एका तंजावरी मराठी घरात दिली. काका आता ८१ वर्षांचे, मावशी ७६. घरात मराठी बोलतात, पण तिला तमिळ हेल आहे. दोघंच असतात. मुलगा बंगळूरला.

गेल्या पावसाळ्यात काका पडले. तिकडचा मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. स्वयंपाकघरात गॅसवर पाणी तापवायचं, पातेलं उचलायचं, मधला उघडा चौक ओलांडायचा आणि मागच्या न्हाणीघरात न्यायचं, असा रोजचा क्रम. चौक ओला होता. पाय घसरला, पाणी पायावर सांडलं. हाड मोडलं नाही हे नशीब, पण घोट्यापासून पाऊल भाजलं. दीड महिना पट्टी.

मुलगा हादरला. साहजिक आहे. आईवडील लांब असले की माणूस आधी स्वतःलाच बोल लावतो. आठवड्याभरात त्याने २०० लिटरच्या हीट पंपाचं कोटेशन मागवलं. बसवण्यासकट १ लाख १५ हजार. मला फोन केला, "भाऊजी, तुम्ही एकदा जाऊन बघा आणि जागा दाखवा. पैशाचा विचार करू नका." त्याला माझं मत नको होतं, होकार हवा होता. तरी मी गेलो, आणि जाताना बरोबर एक थर्मामीटर घेतला.

आता यंत्र काय करतं ते आधी समजून घेऊ. साधा गीझर म्हणजे पाण्यात बुडवलेली कॉइल. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते. त्याहून जास्त मिळणं शक्य नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, ती उचलून आणतो. तुमचा फ्रिज हेच करतो. आतल्या भाजीतली उष्णता काढतो आणि मागे टाकतो. फ्रिजच्या मागच्या जाळीला किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा, गरम लागेल. हीट पंपात बाहेरच्या हवेतली उष्णता उचलायची आणि टाकीतल्या पाण्यात सोडायची. वीज लागते ती फक्त उचलण्यासाठी, म्हणजे कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. हमाल माल बनवत नाही, वाहून आणतो, तसं. म्हणून एक युनिट विजेत तीन, कधी साडेतीन-चार युनिट उष्णता पाण्यात येते.

कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ती १८५२ साली मांडली. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या नगर सभागृहात १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला. तेव्हा हे शास्त्र चाललेलं, पारखलेलं आहे. त्यात फसवणूक नाही.

पण हा हमाल किती वाहील हे दोन गोष्टींवर ठरतं. बाहेरची हवा किती गरम आहे, आणि पाणी किती गरम हवंय. दोन्हींतलं अंतर जितकं कमी, तितकं काम सोपं. उन्हाळ्यात ५० अंशांचं पाणी मागितलंत तर तो मजेत देतो. थंडीत, पहाटे, ६५ अंशांचं मागितलंत तर धापा टाकतो.

यातली एक चूक मी स्वतः केलेली आहे, ती सांगतो. पुण्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी हीट पंप बसवला तो ड्राय बाल्कनीत. आणि बाल्कनीला सरकत्या काचा. पावसाचं पाणी नको म्हणून काचा बंद. हे यंत्र हवेतली उष्णता घेतं, म्हणजे बाहेर थंड हवा सोडतं. बंद जागेत तीच थंड हवा फिरत राहिली. यंत्राला आतली कॉइल, म्हणजे मदतीचा हीटर, सारखा लावावा लागला. शिवाय लवकर तापावं म्हणून मी ते जलद तापवण्याचं बटण दाबून ठेवलेलं. त्याचा अर्थ, लाखाचा गीझर वापरत होतो. दोन वर्षं बिल जेमतेम उतरलं. मग काचा काढून जाळी लावली, बटण बंद केलं, तापमान ५० वर आणलं, आणि तेव्हा कुठे फरक दिसला. चाळीस वर्षं रेफ्रिजरेशनमध्ये काढलेला माणूस ही चूक करतो, तर इतरांना काय बोलायचं.

तर तिरुविसनल्लूर. जागेच्या दृष्टीने घर उत्तम. रस्त्याकडून ओटा, मग लांबच लांब घर, मधे चौक, मागे परसात विहीर. परसात मोकळी हवा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही तिथे पारा साधारण विशीच्या आसपास. म्हणजे हीट पंपाला हवी तशी हवा बारा महिने. मुलाला फोनवर मी हे सांगितलं, तो खूश. पण मी म्हटलं, थांब, अजून पाणी मोजायचंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला थर्मामीटर घेऊन उठलो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी २४ अंश. मग विहिरीतून बादली काढली. २८ अंश. काका ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "यासाठी यंत्र कशाला? विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे." खरंच आहे ते. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाला राहतं. हवा गार झाली की ते कोमट लागतं.

या गावात विहिरीच्या पाण्याला वेगळाच मान आहे. श्रीधर वेंकटेश अय्यावाळ नावाचे सत्पुरुष इथे होऊन गेले. घरी श्राद्ध असताना त्यांनी त्या दिवशीचं अन्न दाराशी आलेल्या एका भुकेल्या माणसाला दिलं. प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितलं गेलं, आणि गंगाच त्यांच्या विहिरीत आली, अशी श्रद्धा आहे. तमिळ कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला आजही त्या विहिरीच्या स्नानाला लोकांची रीघ लागते, तीही ऐन पावसाच्या दिवसांत. काका तिथे दर वर्षी गार पाण्याने न्हायले. "गेल्या वर्षीपासून मात्र सोसत नाही," असं ते हळूच म्हणाले. मला वाटतं, ऊन पाणी हवं हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाजवळ तरी कबूल केलं.

आता हिशोब. वही-पेन्सिल घ्या, हा तुम्हालाही उपयोगी आहे. किती लिटर पाणी, किती अंशांनी तापवायचं, या दोन आकड्यांचा गुणाकार करा आणि ८६० ने भागा. आलं ते युनिट.

काका-मावशी दोघांचं मिळून पाणी ६० लिटर. एकेक मोठी बादली आणि वर थोडं. अंगावर घ्यायला ४० अंश पुरतं. नळाचं पाणी सरासरी २६ धरू. म्हणजे १४ अंश वाढवायचे. ६० गुणिले १४, ८४०. भागिले ८६०, साधारण एक युनिट. गीझरच्या टाकीतून थोडी उष्णता वाया जाते, म्हणून सव्वा युनिट धरू. दिवसाचा एवढाच खर्च. खरं तर मावशी मार्च ते सप्टेंबर गरम पाणी घेतच नाहीत, आठवड्यातून एकदा तेल लावून न्हाण्यापुरतं लागतं. पण हिशोबात यंत्राला झुकतं माप देऊ, वर्षभर रोज धरू.

आता हीट पंप. पाण्याचं एक युनिट, भागिले साडेतीन, म्हणजे ०.२८. पण टाकी २०० लिटरची, चोवीस तास गरम. कितीही चांगलं आवरण असलं तरी त्यातून दिवसाला साधारण दीड युनिट उष्णता निसटते. ती भरून काढायला अजून ०.४२ युनिट वीज. एकूण ०.७०. बघा गंमत. पाणी तापवण्यापेक्षा न वापरलेलं पाणी गरम ठेवायला जास्त वीज.

बचत किती? १.२५ वजा ०.७०, रोज ०.५५ युनिट. वर्षाला २०० युनिट. दर मी मुद्दाम वाढवून ६ रुपये धरला. १२०० रुपये. साधा १५ लिटरचा गीझर फिटिंगसकट ९ हजारांत होत होता. किमतीतला फरक १ लाख ६ हजार. भागा. ८८ वर्षं!

आणि दराचंही ऐका. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचं एकत्र येतं आणि पहिली काही युनिटं मोफत असतात. आपल्याकडे महाराष्ट्रात टप्पे आहेत, १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढे. त्यामुळे बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. वाचणारं युनिट हे तुमच्या बिलातलं शेवटचं, सगळ्यात महाग युनिट असतं. त्याचा दर धरा. कमी वीज वापरणाऱ्या घरात तो कमीच असतो, म्हणून बचतही कमी.

आता कुणी म्हणेल, मग हे यंत्र वाईटच. मुळीच नाही. नाशिकला माझा चुलतभाऊ आहे. घरात आठ माणसं, तीन बाथरूम, तीन गीझर. जानेवारीत पाणी १९ अंशांवर. दिवसाला ३६० लिटर गरम पाणी लागतं. २१ अंश वाढवायचे. ३६० गुणिले २१ भागिले ८६०, पावणेनऊ युनिट. तीन गीझरांची गळती धरून दहा. उन्हाळ्यात निम्मं. वर्षाची सरासरी रोज ७ युनिट. हीट पंपाने, टाकीची गळती धरून, रोज २.६. म्हणजे वर्षाला सोळाशे युनिट वाचतात. त्यांच्या बिलातलं शेवटचं युनिट सगळे आकार धरून १४ रुपयांच्या घरात पडत होतं. वर्षाला २२,४०० रुपये. त्यांचे गीझर तसेही बदलायला आले होते, ते वजा जाता जास्तीचा खर्च १ लाख १४ हजार. पाच वर्षांत फिटला. असं यंत्र दहा-बारा वर्षं सहज चालावं. मी त्याला डोळे मिटून हो म्हटलं.

म्हणजे गंमत अशी, की जिथे हवा गरम, तिथे यंत्र जोमात चालतं, पण तिथे त्याची गरज कमी. नाशिकच्या थंडीत त्याचा जोर थोडा कमी होतो, तरी काम इतकं मोठं असतं की ते परवडतं. यंत्राची ताकद आणि घराची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिरुविसनल्लूरलाच काकांच्या घराऐवजी वीस खोल्यांचं लॉज असतं, तर मी लगेच बसवा म्हटलं असतं. कुंभकोणमला २०२८ मध्ये महामहम आहे, बारा वर्षांनी येणारा. तिथल्या लॉजवाल्यांनी हा हिशोब जरूर करावा.

आणखी दोन मुद्दे. पाणी जड असेल, किटलीत पांढरा थर बसत असेल, तर टाकीची काळजी जास्त. आतला मॅग्नेशियमचा रॉड वेळेवर तपासावा लागतो, आणि तो तपासणारा माणूस जवळ हवा. दुसरा आरोग्याचा. मोठ्या टाकीत कोमट पाणी दिवसेंदिवस पडून राहणं चांगलं नाही, त्यात जंतू वाढू शकतात. म्हणून मोठी टाकी अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापवावी लागते. दोन म्हाताऱ्या माणसांसाठी २०० लिटर म्हणजे तीन दिवसांचं पाणी साठवून ठेवायचं आणि त्याची चाकरी करायची.

हीट पंपाच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो एका वेळी वीज कमी ओढतो, बहुतेक घरगुती यंत्रं एक किलोवॅटच्या आत. गीझर दोन-तीन किलोवॅट. जुन्या वायरिंगच्या घरात हा मोठा फरक आहे. काकांच्या घरातही गीझरसाठी आम्हाला नवीन लाइन ओढावी लागली.

सोलरचं काय, हेही मुलाने विचारलं. ऊन तिथे भरपूर आहे. पण ऊन पाणी हवं असतं ते पावसाच्या दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. ८८ वर्षं म्हटल्यावर आधी हसला. मग जरा गप्प झाला. म्हणाला, "भाऊजी, मला बिल वाचवायचं नव्हतंच. मला काही तरी करायचं होतं त्यांच्यासाठी." मी म्हटलं, तेच तर. मग वीज वाचवणारं यंत्र का घेतोस? बाबा कशाने पडले? बिलाने नाही पडले. गरम पाणी उचलून ओल्या चौकातून नेताना पडले. पाणी जिथे अंगावर घ्यायचं तिथेच तापलं पाहिजे आणि वाटेत घसरायला नको, एवढंच काम आहे.

त्याला ते पटलं, पण लगेच नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. शेवटी केलं ते असं. न्हाणीघरात १५ लिटरचा गीझर, ५५ अंशांवर. अर्थिंगसह स्वतंत्र लाइन आणि आरसीसीबी. न्हाणीघराच्या भिंतीला दोन बाजूंना धरायला दांडे, खाली खरबरीत फरशी, बसायला स्टूल. चौकाच्या कडेने तीन फूट रुंद पत्र्याचं छप्पर, म्हणजे पावसातही कोरडी वाट. आणि विहिरीच्या पंपावरून एक नळ थेट न्हाणीघरात. गीझरचं १५ लिटर आणि विहिरीचं १९ लिटर, एकत्र केलं की ३४ लिटर ४० अंशांचं होतं. एका माणसाची आंघोळ. पुढचं पाणी वीस मिनिटांत तयार. सगळं मिळून कोटेशनच्या निम्म्यापेक्षा कमी खर्च झाला. आणि एक सांगतो, यातला सगळ्यात उपयोगी खर्च गीझर नाही. ते दांडे.

तेव्हा मंडळी, दुकानात जाण्याआधी घरी पाच प्रश्न विचारा. एक, आपली खरी अडचण काय आहे, बिल, पाणी कमी पडणं, की आणखी काही? दोन, रोज किती लिटर गरम पाणी लागतं, आणि वर्षातले किती महिने? सणासुदीच्या पाहुण्यांवर टाकीचं माप ठरवू नका. तीन, नळाचं पाणी पहाटे किती अंशांचं असतं? थर्मामीटर फार महाग नसतो. चार, आपल्या शेवटच्या युनिटचा दर काय? पाच, मोकळ्या हवेची, आवाज खपेल अशी, बाथरूमच्या जवळची जागा आहे का? गरम पाण्याचा पाइप दहा मीटर लांब असला तर प्रत्येक वेळी त्यातलं पावणेदोन लिटर पाणी गार होऊन वाया जातं.

माझा ठोकताळा विचाराल तर, रोज दीडशे-दोनशे लिटरच्या वर गरम पाणी वर्षातले सात-आठ महिने लागत असेल, तर हीट पंपाचा हिशोब मन लावून करा, बहुतेक जमेल. त्याच्या खूप खाली असाल तर चांगल्या स्टारचा लहान गीझर घ्या आणि काम झालं की बंद करा.

गेल्या आठवड्यात मावशींचा फोन आला होता. काका आता सकाळी आधी विहिरीच्या नळाखाली हात धरतात आणि सांगतात, "आज कोमट आहे, गीझर नको." मावशी गुपचूप बटण लावतात. मग काका त्याच पाण्याने न्हातात आणि विहिरीची तारीफ करतात. चालू द्या.

तुमच्या घराचे आकडे पाठवा, पुढच्या वेळी त्यातले दोन-तीन हिशोब करून बघू. नमस्कार.